सांगलीच्या पुरातलं हसू, साताऱ्याच्या पावसातला चेहरा : चेहऱ्यावरून मनातलं खरंच कळतं का?

ऑगस्ट २०१९. कृष्णेच्या पुरात सांगली बुडाली होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि अनेकांचा जीव गेला.

त्याच दिवसांत लोकांच्या मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ येऊन पडला. तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन पूरपाहणीसाठी बोटीत बसलेत, सोबतचा एक जण सेल्फी व्हिडिओ काढतोय आणि मंत्री कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, हात हलवतायत. काही सेकंदांचाच प्रकार. पण संतापाची लाट उसळली. विरोधकांनी राजीनामा मागितला. कमेंटमध्ये तर एकच सूर होता : लोक मरतायत आणि यांना मजा वाटतेय.

त्यानंतर दहा आठवडे गेले. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा. उदयनराजे भोसले राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपमध्ये गेले होते, त्यामुळे विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही लागली होती. शरद पवारांची सभा सुरू असताना पाऊस आला. ७८ वर्षांचे पवार भाषण न थांबवता, छत्री न घेता बोलत राहिले. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं त्यांनी त्याच भाषणात मान्य केलं. त्या क्षणाचा फोटो रातोरात महाराष्ट्रभर पोहोचला. २४ तारखेला निकाल लागला. राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. त्यातली किती मतं फोटोची आणि किती आधीच ठरलेली, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फोटोवर मात्र सगळे छातीठोकपणे बोलले. कुणाला त्यात जिद्द दिसली, कुणाला वेदना, कुणाला लढाऊ बाणा, तर कुणाला सहानुभूती मिळवायची धडपड.

दोन शेजारी जिल्हे, दोन चेहरे. दोन्ही वेळा लोकांना खात्री होती की समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसतंय.

आता तो पावसातला फोटो पुन्हा एकदा आठवून बघा. चेहऱ्यावर पाणी ओघळतंय. त्यात डोळ्यांतलं पाणी असतं तरी वेगळं दिसलं नसतं. फोटो बराच लांबून काढलेला. शिवाय पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्या आजाराबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोललेत. ओठ, गाल आणि जबड्याच्या हालचालींवर त्याचा परिणाम राहिला. म्हणजे हसू, राग, दुःख दाखवायला जे स्नायू लागतात, तेच इथं नेहमीसारखे चालत नाहीत. तरीही लोकांनी त्या चेहऱ्यावरून एवढं सगळं वाचलं. ते आलं कुठून?

सहा चेहऱ्यांची जुनी गोष्ट

चेहरा म्हणजे मनाचा आरसा, ही समजूत फार जुनी. तिला विज्ञानाचा आधार द्यायचा मोठा प्रयत्न चार्ल्स डार्विननं १८७२ च्या पुस्तकात केला. माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात, हाच त्या पुस्तकाचा विषय. पुढं १९६० च्या दशकात पॉल एकमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेला. या लोकांनी सिनेमा, मासिकं फारशी पाहिलेली नव्हती. एकमन त्यांना छोटी गोष्ट सांगायचा, उदाहरणार्थ एखाद्याचं मूल दगावलं, आणि समोर ठेवलेल्या फोटोंपैकी त्या माणसाचा चेहरा कुठला ते विचारायचा. बहुतेक जण अपेक्षित फोटोवर बोट ठेवायचे. त्यातून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखेच, हा सिद्धांत उभा राहिला. आज शाळेतल्या तक्त्यांपासून मोबाईलमधल्या इमोजीपर्यंत सगळीकडे त्याचीच छाप आहे.

गडबड होती ती पद्धतीत. दोन-तीन फोटोंतून एक निवड म्हटलं की नको ते वगळत उत्तरापर्यंत पोहोचता येतं. परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नाला करतो तसंच. फोटो देऊन, पर्याय न देता, 'हा माणूस कसा वाटतो?' एवढंच विचारलं की उत्तरं पांगायला लागतात. पुढं इतर संशोधकही दूरच्या समाजांत गेले. पापुआ न्यू गिनीजवळच्याच ट्रोब्रियंड बेटांवर, मोठे डोळे आणि उघडं तोंड असलेला, आपल्याला घाबरलेला वाटणारा चेहरा तिथल्या अनेकांना धमकावणारा वाटला. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग जुलै २०१९ मध्ये, म्हणजे सांगलीच्या पुराच्या काही दिवसच आधी, लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी एक मोठा आढावा छापला. हे पाचही जण एकाच मताचे नव्हते, म्हणून त्याला वजन आलं. हजाराहून जास्त शोधनिबंध त्यांनी चाळले. राग आलेला माणूस कपाळाला आठ्या घालून, भुवया आवळून बघतो तो सरासरी तीसेक टक्के वेळाच, असं त्यातून दिसलं. उरलेल्या वेळी राग आला की माणूस गप्प होतो, हसतो, रडतो किंवा उठून निघून जातो. उलट आठ्या पडायला राग लागतोच असंही नाही. ऊन डोळ्यांवर आलं, पोटात दुखलं, मनातल्या मनात हिशेब चालू असला तरी पडतात.

याचा अर्थ चेहरा काहीच सांगत नाही असा नाही. नुसत्या योगायोगापेक्षा तो जास्तच सांगतो. पण एका चेहऱ्यामागे एकच ठरलेली भावना असते, एवढा भरवसा त्यावर टाकता येत नाही.

मग आपल्याला कळतं कसं?

इस्रायलमधले संशोधक हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक साधा प्रयोग केला. टेनिसच्या मोठ्या सामन्यांत महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या खेळाडूंचे त्या क्षणाचे फोटो घेतले. फक्त चेहरा कापून दाखवला तर कोण जिंकला आणि कोण हरला, हे लोकांना ओळखता येईना. चेहरा झाकून फक्त शरीर दाखवलं तर लगेच ओळखता आलं. खरी मजा पुढं आहे. पूर्ण फोटो दाखवला तेव्हाही लोकांनी बरोबर ओळखलं, आणि 'कशावरून?' असं विचारल्यावर अनेकांना वाटत होतं की चेहऱ्यावरूनच!

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे पटवून द्यायला टेनिसची गरज नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात निकाली कुस्ती होते त्या क्षणाचा, जिंकलेल्या पैलवानाचा नुसता चेहरा कापून मोबाईलवर पाठवून बघा. आवळलेले दात, मिटलेले डोळे, ताणलेली मान. मैदान माहीत नसलेला माणूस म्हणेल, याला फार लागलंय वाटतं.

साताऱ्याच्या फोटोत तेच झालं. लोकांसमोर वय होतं, पाऊस होता, नसलेली छत्री होती, भिजलेला शर्ट होता. त्याच्याही मागं महिनाभराच्या बातम्या होत्या : एकेक नेता पक्ष सोडून चाललाय, ईडीच्या प्रकरणात नाव आलंय. हे सगळं डोक्यात ठेवून लोकांनी चेहरा पाहिला आणि त्याचा अर्थ चेहऱ्यावरच लिहिलेला आहे असं त्यांना वाटलं. ज्यांच्या डोक्यात दुसऱ्या बातम्या होत्या, त्यांना त्याच चेहऱ्यावर दुसरं काही दिसलं.

सिनेमावाल्यांना ही युक्ती शंभर वर्षांपासून माहीत आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्हनं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर दाखवला. लोकांना एकदा भूक दिसली आणि एकदा शोक. मूळ फीत आज उरलेली नाही, आणि नंतरच्या संशोधकांना असा परिणाम मिळाला तरी गोष्टीत सांगतात तेवढा जोरदार मिळाला नाही. पण टीव्हीवरच्या मालिकेत एका संवादानंतर सात जणांचे चेहरे झपाझप का दाखवतात, ते यावरून लक्षात येईल.

आता सांगलीचं हसू. हसण्याबद्दल १९७९ चा एक अभ्यास अगदी वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत बोलिंग खेळणाऱ्यांवर नजर ठेवली गेली. चेंडू चांगला गेल्यावर, समोरच्या खुंट्यांकडे तोंड असताना लोक फारसे हसतच नव्हते. मागं वळून मित्रांकडे पाहिलं की हसत होते. म्हणजे हसू बऱ्याचदा आतल्या आनंदापेक्षा समोरच्या माणसासाठी असतं. आणि समोर कॅमेरा आला की हसायचं, हात हलवायचा, ही सवय तर आज पाच वर्षांच्या पोरालाही आहे. तेव्हा त्या बोटीत मंत्र्यांना आनंद झाला होता का, हे त्या काही सेकंदांवरून सांगता येत नाही.

पण म्हणून लोकांचा राग चुकीचा ठरतो का? मुळीच नाही. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. 'यांना मजा वाटतेय' हा मनाबद्दलचा दावा, आणि त्याला पुरावा नव्हता. 'गाव बुडालेलं असताना मंत्र्यानं कॅमेऱ्याकडे हसून हात हलवायचा नसतो' हा वागण्याबद्दलचा दावा, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मंत्री मनातून कितीही व्यथित असते तरी तो लागू पडला असता. पुराच्या पाण्यात घर गेलेल्या माणसाला जाब विचारायला मंत्र्याचं मन वाचायची गरजच नव्हती. सोशल मीडियावर मात्र या दोन दाव्यांची सरमिसळ होते, मग वाद 'ते खरंच खूश होते का' यावर घसरतो, आणि पाणी एवढं का चढलं, बोटी वेळेत का आल्या नाहीत हे प्रश्न बाजूला पडतात.

सांगलीकरांनी हे १८४३ मध्येच पाहिलं होतं

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हा प्रयोग इथंच केला. सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचा त्याला आश्रय होता, आणि प्रेरणा होती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची. मराठी रंगभूमीचा आरंभ तिथून धरतात. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो आणि भाव्यांच्या नावाचं पदक सांगलीतच दिलं जातं.

त्या काळी वीज नव्हती. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात मागच्या रांगेतल्या माणसाला नटाची भुवई दिसणं शक्यच नव्हतं. मग राक्षस चिडलाय हे कळायचं कसं? तर राक्षस आरडाओरडा करत, तलवार नाचवत यायचा. या नाटकांना पुढं चेष्टेनं 'अललडुर्र' म्हणायला लागले ते त्या आवाजावरूनच. सोबत सूत्रधार गाऊन प्रसंग सांगायचा. म्हणजे भावना पोहोचवायचं काम आवाज, चाल, रंगभूषा आणि कथा मिळून करत. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, त्या पुढं बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या पाध्ये कुटुंबाकडे आल्या. बाहुलीच्या चेहऱ्यावर तर एकच भाव कोरलेला असतो, तो बदलत नाही. तरी मान खाली गेली की ती बाहुली रुसल्यासारखी वाटते.

भरताच्या नाट्यशास्त्रातही चेहऱ्याचे, नजरेचे बारीक प्रकार आहेत, पण सात्त्विक भावांची यादी बघितली तर त्यात घाम येणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटणं, थरथरणं असंही सगळं आहे. या परंपरेवर एक आधुनिक अभ्यासही झालाय. अहल्या हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी नाट्यशास्त्राप्रमाणे साकारलेल्या दहा भावनांच्या चित्रफिती भारतीय आणि अमेरिकन प्रेक्षकांना दाखवल्या. तो अभ्यास २००० साली आला. दोघांनीही बऱ्याच बरोबर ओळखल्या. यातली गोम अशी की तिथं भावना मुद्दाम दाखवल्या जात होत्या, समोरच्याला कळाव्यात म्हणूनच. रोजच्या आयुष्यात माणूस बऱ्याचदा नेमकं उलटं करत असतो.

त्याचं घरचं उदाहरण माणदेशात सापडतं. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतली आटपाडी या पट्ट्यात खिलार जनावरांचे बाजार भरतात. जुन्या रीतीत व्यापारी रुमाल किंवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. आकडा रुमालाखाली झाकला जातो. चेहरा झाकायला मात्र रुमाल लागत नाही, तो नुसताच कोरा ठेवायचा असतो. बैल कितीही आवडला तरी तोंडावर दाखवलं की भाव वाढला. तिथला मुरलेला दलालही समोरच्याच्या तोंडाकडे बघून व्यवहार करत नाही. तो बघतो की हा बैलाकडे कितीदा परत आला.

चुकीच्या वाचनाची किंमत

बाजारात चेहरा वाचायला चुकलं तर चार पैसे जातात. इतर ठिकाणी जास्त जातं.

पार्किन्सन झालेल्या माणसाचे चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. नातवाला बघून आजोबांना आनंद झालेला असतो, चेहऱ्यावर तो उमटत नाही. घरच्यांना वाटतं, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. अर्धांगवायू झालेल्यांच्या बाबतीतही असं होतं. अशा घरात 'कसं वाटतंय?' असं तोंडानं विचारून घेणं हाच उपाय असतो.

दुसरं म्हणजे यंत्रं. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी एक योजना जाहीर केली होती. शहरातल्या दोनशे ठिकाणांभोवती कॅमेरे बसतील, महिलेच्या चेहऱ्यावरचे भाव बदलून ती संकटात दिसली की जवळच्या पोलीस ठाण्याला इशारा जाईल. हेतू चांगलाच. पण वर सांगितलेल्या तीस टक्क्यांचा विचार केला तर शंका येते. भर उन्हात कपाळाला आठ्या घालून चाललेली कॉलेजची पोरगी संकटात धरायची का? आणि भीतीनं गप्प झालेली, चेहरा कोरा ठेवून चालणारी बाई त्या कॅमेऱ्यातून सुटणार नाही कशावरून? मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून भावना सांगायची सोय काढून टाकायचं ठरवलं. युरोपीय संघानं तर कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत यंत्रानं भावना ओळखण्यावर बंदीच घातली. फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांची सूट ठेवून. हे तंत्र वाईट लोकांच्या हातात जाईल ही त्यामागची एकच भीती नव्हती. ते मुळात जे ओळखतो म्हणतं ते ओळखतं का, हीसुद्धा शंका होती.

तिसरी जागा कोर्ट. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमानुसार साक्षीदार साक्ष देताना कसा वागत होता, याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशांनी नोंदवायचं असतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. तिला कारणही आहे : अडखळणं, प्रश्न टाळणं, एखाद्याकडे बघून उत्तर देणं, हे लिहिलेल्या जबाबात दिसत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा वागण्याच्या नोंदीत मनाचा अंदाज मिसळतो. माणूस खोटं बोलतोय की खरं, हे नुसतं ऐकून आणि बघून ओळखण्यावर चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचा आढावा घेतला. लोकांचं उत्तर बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. पोलीस, न्यायाधीश अशा सरावलेल्या लोकांचे आकडेही फार वेगळे नव्हते.

आता समजा, जतच्या एखाद्या वाडीवरची बाई पहिल्यांदाच कोर्टात उभी आहे. चार अनोळखी पुरुष प्रश्न विचारतायत, मोठ्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही असं तिला लहानपणापासून सांगितलंय, आणि घडलेला प्रसंग ती एकाच सुरात, डोळ्यांत पाणी न आणता सांगते. कुणाला ती निबर वाटेल, कुणाला पढवलेली, कुणाला भेदरलेली. 'साक्षीदार खाली बघून, संथ आवाजात उत्तरं देत होती' असं लिहिलं तर ती नोंद झाली. 'साक्षीदाराला घटनेचं दुःख झालेलं दिसत नव्हतं' असं लिहिलं तर तो अंदाज झाला. पुढं अपील झालं की वरचं कोर्ट सहसा म्हणतं, खालच्या कोर्टानं साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलंय, तेव्हा त्याच्या मताला वजन द्यायला हवं. तिथं ती बाई पुन्हा उभी राहत नाही. तिथं फाईलमधला शेरा वाचला जातो.